शरण आल्यावर अर्जुनाने किती प्रश्न विचारले?

वाचकाचे पत्र, थोडक्यात : पत्रलेखक पन्नाशीला आलेले गृहस्थ आहेत. गेली अकरा वर्षे ते एका लहानशा अध्ययन मंडळात दर आठवड्याला गीतेवर बोलतात. दीड महिन्यापूर्वी शरणागती समजावून सांगताना ते म्हणाले, ‘शिष्यस्तेऽहं असे म्हणून अर्जुन शरण आला आणि त्यानंतर त्याने एकही शंका काढली नाही. नम्रता म्हणतात ती हीच.’ मंडळात नव्याने येऊ लागलेल्या, वयाने त्यांच्या निम्म्या असलेल्या एका मुलीने विचारले, ‘मग तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन काय करतो?’ त्यांनी ‘त्या शंका नव्हेत, ती लोकांसाठी केलेली योजना आहे’ असे उत्तर दिले आणि ‘आधी ऐकायला शिकावे’ असे तिला सर्वांदेखत सुनावले. रात्री घरी पुस्तक उघडल्यावर तिचे बरोबर होते हे त्यांना दिसले, पण ते त्यांनी अजून कोणालाही सांगितलेले नाही. मुलगी त्यानंतर बैठकीला आलेली नाही. दरम्यान, मंडळ ज्या संस्थेचे आहे तिने अध्यापन विभागाची सूत्रे हाती घेण्याची विनंती त्यांना केली आहे. त्याविषयी ते रोज प्रार्थना करतात, नव्या अभ्यासक्रमाचा आराखडाही त्यांनी करून ठेवला आहे, पण ‘आतून होकार किंवा नकार काहीच उमटत नाही’. ते लिहितात, ‘मी आयुष्यभर नम्रतेने वागलो. मला काही कळत नाही, बोलविता धनी वेगळा, असे म्हटल्याशिवाय मी कधी बोलायला सुरुवात केली नाही. मग देव मला मार्ग का दाखवत नाही? दाखवला, तर तो देवाने दाखवला की माझ्या मनाने, हे ओळखायचे कसे? आणि चूक कबूल केली तर मंडळींची श्रद्धा डळमळणार नाही का?’

आदरणीय वाचक,

तुमच्या सात पानी पत्रातली सहा पाने संस्थेच्या विनंतीविषयी आहेत. त्या मुलीचा प्रसंग शेवटच्या पानावर, जाता जाता सांगितल्यासारखा येतो. मी मात्र उत्तराला शेवटच्या पानापासून सुरुवात करतो, कारण पहिल्या सहा पानांत तुम्ही जे शोधत आहात त्याचा बराचसा भाग मला तिथे दिसतो.

आधी अर्जुनाकडे पाहू. दुसऱ्या अध्यायाच्या सातव्या श्लोकात तो ‘शिष्यस्तेऽहं शाधि मां त्वां प्रपन्नम्’, म्हणजे मी तुझा शिष्य आहे, तुला शरण आलो आहे, मला मार्ग दाखव, असे म्हणतो, हे तुम्ही बरोबर सांगितलेत. पण त्यानंतर दोनच श्लोकांनी संजय काय सांगतो? ‘मी लढणार नाही’ असे गोविंदाला सांगून अर्जुन गप्प बसला. मूळ शब्द ‘न योत्स्ये’ आणि ‘तूष्णीं बभूव’ असे आहेत. मला मार्ग दाखव अशी विनंती करायची, लगोलग आपला निर्णय जाहीर करायचा आणि मग तोंड मिटून बसायचे, हा क्रम मी माझ्या स्वतःच्या प्रार्थनांमध्ये इतक्या वेळा पाहिला आहे की हे दोन श्लोक वाचताना मला दर वेळी पकडले गेल्यासारखे होते. त्याच्या पुढच्याच श्लोकात श्रीकृष्ण ‘प्रहसन्निव’, म्हणजे जणू हसत, बोलू लागतो. त्या हसण्याचा अर्थ ज्याने त्याने लावावा. मला त्यात ‘विचारलेस खरे, पण ऐकणार आहेस का?’ एवढा प्रश्न ऐकू येतो.

म्हणजे ज्या निमूटपणाला तुम्ही नम्रता म्हटले तो गीतेत आहे, पण तो ज्या जागी आहे तिथे तो हट्टाचा आहे. अर्जुन खऱ्या अर्थाने शिष्य होतो तो पुन्हा तोंड उघडल्यावर. दुसऱ्या अध्यायाच्या ५४व्या श्लोकात तो स्थितप्रज्ञ कसा बोलतो, कसा बसतो, कसा चालतो हे विचारतो. तिसऱ्याच्या आरंभी तर तो सरळ तक्रार करतो की कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ असे तुझे मत असेल तर मला या घोर कर्मात का लोटतोस, आणि असे सरमिसळ बोलून माझी बुद्धी गोंधळात का टाकतोस. चौथ्यात तो म्हणतो की तुझा जन्म अलीकडचा आणि विवस्वानाचा, म्हणजे सूर्याचा, फार पूर्वीचा, मग तू हे त्याला सांगितलेस हे मी कसे समजू? पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात दोहोंपैकी एक काय ते निश्चित सांग असा आग्रह आहे. सहाव्यात मन वाऱ्यासारखे आवरायला अवघड आहे अशी कबुली आहे, आणि त्याच अध्यायात तो ‘संशय’ हा शब्द स्वतः उच्चारून तो तूच पूर्णपणे छेदावास अशी विनंती करतो. अठरावा अध्यायही त्याच्या प्रश्नानेच उघडतो. त्या अध्यायाच्या ७३व्या श्लोकात, सगळे ऐकून झाल्यावर, तो ‘गतसन्देहः’ झालो असे म्हणतो. ज्याने संदेह मांडलाच नाही त्याला तो गेला असे म्हणता येणार नाही.

अर्जुनाला निमित्त करून सर्वांना उपदेश केला गेला, असे मानण्याची परंपरा आहे आणि तुम्ही त्या मुलीला दिलेले उत्तर त्या परंपरेला धरून होते हे मला मान्य आहे. पण तसे मानले तरी तुमचा मुद्दा वाचत नाही. लोकांना शरणागती शिकवण्यासाठी केलेल्या योजनेत एवढ्या प्रश्नांना जागा ठेवली असेल, तर शरणागतीत प्रश्न बसतात हेच त्यातून शिकवले गेले. चौथ्या अध्यायाच्या ३४व्या श्लोकात ज्ञान मिळवण्याची तीन साधने सांगितली आहेत आणि त्यात प्रणिपात आणि सेवा यांच्या मधोमध ‘परिप्रश्न’ आहे. (हा श्लोक मी आधी आठवणीतून पाचव्या अध्यायातला म्हणून लिहून गेलो होतो. मग पुस्तक उघडले. तेव्हा तुमच्यावर टीका करताना मी फार उंचावरून बोलत आहे असे समजू नये.) ज्ञानेश्वरांनी शके १२१२मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या गीताटीकेत, म्हणजे ज्ञानेश्वरीत, या श्लोकावर लिहिताना सेवेला ज्ञानाच्या घराचा दारवंठा म्हटले आहे. तन, मन आणि जीव घेऊन चरणांशी लागावे, दास्य ‘अगर्वता’ करावे, असे ते सांगतात आणि लगेच पुढे म्हणतात की मग आपल्याला जे हवे असते ते संत ‘सांगती पुसिलें’. विचारले म्हणजे सांगतात. दारवंठा ओलांडून आत आलेल्याने तोंड मिटून बसावे, असे त्या चित्रात कुठेच नाही.

आता तुम्ही स्वतःविषयी लिहिलेल्या वाक्याकडे येतो. ‘मला काही कळत नाही’ असे म्हणून बोलायला सुरुवात करण्याची तुमची सवय मनापासूनची आहे याविषयी मला शंका नाही. पण हे वाक्य खरे आहे का? अकरा वर्षे अभ्यास केलेल्या माणसाला पुष्कळ कळते, काही अर्धवट कळते आणि काही चुकीचे कळलेले असते. ‘काहीच कळत नाही’ असे सरसकट म्हटले की या तिन्हींचा हिशेब मांडण्याची गरज उरत नाही, आणि म्हणून हे वाक्य दिसायला जेवढे नम्र तेवढेच वागायला सोयीचे असते. ज्याने आपल्याला काहीच कळत नसल्याचे आधीच जाहीर केले आहे, त्याला ‘हे एक तुमचे चुकले’ असे कोणी म्हटले की तो दुखावतो, हे वरवर विचित्र वाटते. त्यात विचित्र काही नाही. सर्वसाधारण अज्ञान कबूल करायला काही लागत नाही. तिसऱ्या अध्यायाचा पहिला श्लोक मला आठवला नाही, हे कबूल करायला मात्र लागते.

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात नारद सनत्कुमारांकडे शिकायला येतो. सनत्कुमार त्याला सांगतात की तुला जे माहीत आहे ते घेऊन माझ्यासमोर बस, त्याच्या पुढचे मी सांगेन. त्यावर नारद ‘मला काही येत नाही’ असे म्हणत नाही. तो यादीच देतो. चार वेद, इतिहास-पुराण, व्याकरण, गणित, तर्क आणि आणखी कितीतरी विद्या तो मोजून सांगतो. मग तो म्हणतो की मी मंत्र जाणणारा आहे, आत्मा जाणणारा नाही, आणि म्हणून मी शोकात आहे. नम्रतेचे याहून नेमके उदाहरण मला माहीत नाही. त्यात स्वतःला खुजे दाखवण्याचा प्रयत्न नाही. आपले ज्ञान कुठपर्यंत आहे आणि कुठे संपते, ती सीमारेषा त्याने गुरूपुढे स्वच्छ आखून दाखवली, आणि शिकवणे त्या रेषेपासून सुरू झाले. रेषाच नसती तर सनत्कुमारांनी कुठून सुरुवात केली असती?

‘बोलविता धनी वेगळा’ याबद्दलही एक शंका विचारतो, रागावू नका. तुमच्या तोंडून निघालेल्या चांगल्या वाक्यांचे श्रेय तुम्ही त्या धन्याला देता. मग अर्जुनाविषयीचे चुकीचे वाक्य कोणी बोलविले? श्रेय देवाला अर्पण करताना चुकाही नकळत त्याच्याच नावावर जमा होतात, आणि मग त्या दाखवून देणारा माणूस तुमचा विरोधक न राहता देवाचा विरोधक होऊन बसतो. त्या संध्याकाळी ती मुलगी उद्धट वाटण्याचे कारण हे तर नसेल?

आता तुमच्या प्रार्थनेविषयी. देव उत्तर का देत नाही हे मला माहीत असल्याचा आव आणणे म्हणजे या पत्राचा विषयच विसरणे ठरेल. मला फक्त तुमचा प्रश्न तपासता येतो. संस्थेला अजून होकार कळवलेला नसताना तुम्ही अभ्यासक्रमाचा आराखडा तयार केला आहे. त्यात कोणता ग्रंथ कोणत्या महिन्यात घ्यायचा इथपर्यंत सगळे ठरले आहे. म्हणजे ‘न योत्स्ये’च्या जागी तुमच्याकडे ‘मी घेणार’ आहे, आणि त्याच्या शेजारी बसून तुम्ही ‘शाधि मां’ म्हणत आहात. यात पाप काही नाही. पण आतून काहीच उमटत नाही या तुमच्या अनुभवाचा एक साधा अर्थ असा असू शकतो की जिथे उत्तर ठेवायचे ती जागा रिकामी नाही.

इस्लाममध्ये निर्णयापूर्वी करण्याची इस्तिखारा नावाची प्रार्थना आहे. दोन रकात नमाजानंतर म्हटल्या जाणाऱ्या या दुआत भक्त आधी ‘तू जाणतोस, मी जाणत नाही’ असे म्हणतो. हे काम माझ्या हिताचे असेल तर ते मला सोपे कर, आणि अहिताचे असेल तर ते माझ्यापासून दूर ने आणि मलाही त्याच्यापासून दूर ने, असे तो मागतो. यातला शेवटचा तुकडा मला फार मोलाचा वाटतो. नको असलेली गोष्ट आपल्यापासून दूर गेली तरी आपण तिच्या मागे धावत राहतो हे ज्याला ठाऊक होते, त्याच्यासाठी हे शब्द आहेत. तुमचा मार्ग तुमचाच राहू द्या. पण आज रात्री तुमच्या नेहमीच्या शब्दांत ‘हे मला मिळू नये असे असेल, तर माझी इच्छाही काढून घे’ एवढे म्हणून पाहा आणि म्हणताना घशात काही अडकते का ते बघा. अडकले, तर तुम्हाला स्वतःविषयी एक खरी गोष्ट कळली, आणि ती आराखड्यापेक्षा उपयोगाची आहे.

उत्तर आले तर ते देवाचे की मनाचे, हा तुमचा दुसरा प्रश्न. खात्रीने ओळखण्याची रीत असती तर धर्माच्या इतिहासातली निम्मी भांडणे झाली नसती. मला उलट दिशेचा धाक जास्त वाटतो. ३ ऑगस्ट १६५० रोजी इंग्लंडचा सेनापती ऑलिव्हर क्रॉमवेल याने स्कॉटलंडच्या चर्चच्या महासभेला पत्र लिहून, ख्रिस्ताची आण घालून, विनवले की तुमची चूक होत असण्याची शक्यता तरी मनात आणा. विनंती किती योग्य! पण आदल्याच वर्षी, सप्टेंबर १६४९मध्ये, आयर्लंडमधल्या द्रॉहेडा शहरात त्याच्या सैन्याने कत्तल केली होती आणि तिला त्याने ईश्वराचा न्याय्य निवाडा म्हटले होते. हा माणूस प्रार्थना न करणारा नव्हता, ढोंगीही नव्हता. चूक होऊ शकते हा विचार त्याला सुचला होता, फक्त तो त्याने समोरच्याला पाठवला. आपल्या प्रसंगांत रक्तपात नसतो म्हणून ही तुलना अतिरेकी वाटेल, पण त्यातून मी माझ्यापुरती एक कसोटी घेतली आहे. मला आलेल्या ‘दैवी’ उत्तराची किंमत माझ्याऐवजी दुसरे कोणी मोजणार असेल, तर ते उत्तर मी बाजूला ठेवतो आणि ज्याला किंमत मोजावी लागणार आहे त्याला आधी विचारतो.

तुमच्या बाबतीत ही माणसे कोण? तुम्ही विभागप्रमुख झालात तर तुमच्या हाताखाली शिकवणारे. त्यांच्यापैकी कोणाशी बोलल्याचा उल्लेख पत्रात नाही. उलट ‘हा माझा आणि देवाचा प्रश्न आहे, माणसांना विचारणे म्हणजे श्रद्धा कमी पडणे’ असे एक वाक्य तुम्ही लिहिले आहे. इथे मला नामदेवांची कथा आठवल्याशिवाय राहत नाही. संतांच्या मेळ्यात गोरोबाकाकांनी कुंभाराचे थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून मडकी पारखली. बाकीचे शांत राहिले, नामदेव चिडले, आणि हे मडके कच्चे असा निवाडा झाला. रुसलेले नामदेव थेट विठ्ठलाकडे गेले. ज्याच्याशी देव बोलत असे अशी ज्याची ख्याती, त्याला देवाने स्वतः काही शिकवले नाही. विसोबा खेचरांकडे जा, असे सांगितले. मार्गदर्शन देवाकडे मागितले आणि देवाने माणसाचा पत्ता दिला. ही कथा सांगणाऱ्यांना माणसाला विचारण्यात श्रद्धेची उणीव दिसली नाही. नामदेवांची खरी परीक्षा थापटणे डोक्यावर बसले तेव्हा झालीच नाही, असे मला वाटते. विसोबांच्या दारात पाऊल टाकताना ती झाली.

यावरून मी असे म्हणावे अशी तुमची अपेक्षा असेल की देवच त्या मुलीच्या मुखाने बोलला. मी तसे म्हणणार नाही, आणि तुम्हीही मंडळात तसे म्हणू नका. एक तर ते मला माहीत नाही. दुसरे म्हणजे, तिच्यावर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे. तिने पुस्तक वाचले होते आणि तिला जे वाचलेले आठवले ते तिने विचारले. तिचे श्रेय तिचेच राहू द्या. मी फक्त एवढेच म्हणतो की त्या संध्याकाळी एक खरी गोष्ट तुमच्यापर्यंत चालत आली आणि ती ज्या वयाच्या, ज्या जागेवरच्या माणसाकडून आली त्यामुळे तुम्ही तिला दारातून परत पाठवले. दारातून आलेले जो परत पाठवतो, त्याच्या आतल्या आवाजाबाबतच्या तक्रारीवर मला पुरता विश्वास ठेवता येत नाही.

तुमचे पत्र वाचताना मला दुसऱ्या बाजूच्या वाचकांचीही आठवण होत होती. ‘नम्र राहा’ असे ज्यांना सतत ऐकवले जाते आणि ज्यांचा प्रत्येक प्रश्न अहंकारात मोजला जातो, अशांची पत्रे मला तुमच्यासारख्यांच्या पत्रांपेक्षा जास्त येतात. त्यांना मी सांगतो की नम्रता हा स्वतःकडून मागण्याचा गुण आहे. वरच्याने खालच्याकडून तो मागायला सुरुवात केली की त्याचे नाव बदलते. ज्या गुरूपुढे प्रश्न विचारता येत नाही, तिथून उठून जाण्यात अविनय नाही. श्रीकृष्णाने उपदेशाच्या शेवटाकडे, १८व्या अध्यायाच्या ६३व्या श्लोकात, ‘यावर पूर्ण विचार कर आणि मग तुझी इच्छा असेल तसे कर’ असे अर्जुनाला सांगितले. जो त्याहून अधिक आज्ञापालन मागतो, त्याने आपण कोणापेक्षा मोठे झालो याचा विचार करावा. ‘आधी ऐकायला शिकावे’ हे तुमचे वाक्यही याच जातीचे होते.

तिसरा प्रश्न श्रद्धेचा. अकरा वर्षे येणाऱ्या माणसांची श्रद्धा तुमच्या बिनचूकपणावर उभी असेल तर ती डळमळलेली बरी. पण तशी ती असेल असे मला वाटत नाही. तुम्ही पुस्तक उघडलेत तसे त्या रात्री आणखी दोघा-तिघांनी उघडले असण्याचा संभव आहे, आणि तुम्ही काय करता याची ते दीड महिना वाट पाहत असतील. तुमच्या मौनातून ते आत्ताही काहीतरी शिकतच आहेत.

तेव्हा पुढच्या बैठकीत सुरुवातीलाच सांगा. अपमान सर्वांदेखत झाला, म्हणून कबुलीही सर्वांदेखत हवी. ती दोन-तीन वाक्यांची असू द्या : ‘अर्जुनाने शंका काढली नाही असे मी म्हणालो, ते चूक होते. ज्यांनी ते दाखवले त्यांना मी गप्प केले, ते त्याहून चूक होते. त्यांची मी माफी मागतो.’ इथे थांबा. नम्रतेवर प्रवचन सुरू करू नका, डोळे भरून आणू नका, ‘मी किती पामर’ हा सूर तर मुळीच नको, कारण तो लागला की मंडळी तुमचे सांत्वन करू लागतील आणि कबुली देणाऱ्याचाच सत्कार होईल. त्या मुलीला त्याआधी एक छोटा निरोप पाठवा की तुम्ही हे बोलणार आहात. तिने यावे अशी अट घालू नका, आणि ‘तू आलीस तर बरे वाटेल’ असेही लिहू नका, कारण तुम्हाला बरे वाटवण्याची जबाबदारी तिची नाही. मग तिसऱ्या अध्यायाचा पहिला श्लोक घ्या आणि तो समजावून सांगण्यापूर्वी मंडळींना विचारा की अर्जुनाच्या जागी असता तर तुम्ही काय विचारले असते.

घरी एक वही ठेवावी असेही सुचवतो, आणि ही सूचना शिकवण्याचे काम करणाऱ्या सगळ्यांसाठी आहे. चार्ल्स डार्विनने आत्मवृत्तात लिहिले आहे की आपल्या निष्कर्षाविरुद्ध जाणारी वस्तुस्थिती किंवा विचार समोर आला की तो लगेच टिपून ठेवण्याचा नियम त्याने अनेक वर्षे पाळला, कारण अनुकूल गोष्टींपेक्षा अशा गोष्टी स्मरणातून लवकर निसटतात असा त्याचा अनुभव होता. दर बैठकीनंतर ‘आज मला कोणी काय दाखवून दिले’ याची एक ओळ लिहा. तीन महिने पान कोरेच राहिले तर त्याचा अर्थ तुमचे काही चुकत नाही असा होत नाही. लोकांनी सांगणे सोडले असा होतो.

संस्थेच्या विनंतीबाबत मी तुम्हाला हो किंवा नाही सांगणार नाही. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर पंथात एक पद्धत आहे. सदस्यासमोर मोठा निर्णय असला की काही विश्वासू माणसे त्याच्याबरोबर बसतात आणि सल्ला न देता फक्त प्रश्न विचारतात. प्रश्नांच्या मध्ये भरपूर शांतता असते. तुम्ही तीन माणसे निवडा. त्यातला एक तुमच्या हाताखाली काम करणारा असावा, एक तुम्हाला न घाबरणारा असावा, आणि एकाला गीतेत काडीचा रस नसला तरी चालेल. त्यांना तो आराखडा दाखवू नका. ते विचारतील त्याची उत्तरे द्या, समर्थन करू नका, आणि जिथे तुमचा आवाज चढेल तो प्रश्न वहीत लिहून ठेवा. मग पुन्हा प्रार्थनेला बसा. तोपर्यंत आराखडा कपाटात राहू द्या, फाडण्याची गरज नाही. फाडणे हेही एक नाटकच होईल, आणि काम स्वीकारायचे ठरले तर त्यातला काही भाग उपयोगी पडेलच.

संस्थेने उत्तरासाठी महिनाअखेरपर्यंतची मुदत दिल्याचे तुम्ही लिहिले आहे. म्हणजे त्याआधी मंडळाच्या दोन बैठका होतात. पहिली होऊन जाऊ द्या, आणि संस्थेला काय कळवायचे ते त्यानंतरच ठरवा. मुलगी कदाचित येईल, कदाचित येणार नाही. न आली तर पुन्हा निरोप पाठवू नका.

आपला,
सदरलेखक